पीपीई: तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र एकत्र कसं शिकायचं

पहिल्याच सेमिस्टरमध्ये माझा एक निबंध परत आला. प्रश्न होता, अन्यायकारक कायदा पाळावा का? मी आठ पानं भरली होती. सात विचारवंतांची मतं, दोन चळवळींचा इतिहास आणि शेवटी ‘दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे’ असा बिनधोक समारोप. समासात पेन्सिलीनं एकच ओळ होती: ‘हे सगळे काय म्हणाले ते कळलं. तुमचं म्हणणं काय, आणि कशावरून?’ निबंध तत्त्वज्ञानाचा होता आणि मी तो राज्यशास्त्रासारखा लिहिला होता, तोही वाईट राज्यशास्त्रासारखा. पंधरा दिवसांनी नेमकं उलटं झालं. अर्थशास्त्राच्या चाचणीत एका आकृतीत आणि दोन ओळींत संपणाऱ्या उत्तरासाठी मी दीड पान पल्लेदार वाक्यं लिहिली, आणि आकृती काढलीच नाही.

तेव्हा मला जे कोणी सांगितलं नाही, ते इथे सांगतो. विद्यापीठ तीन विषयांचे वर्ग घेतं, पण ते विषय एकमेकांना जोडून देत नाही. वेळापत्रकात ते शेजारी शेजारी बसलेले असतात, इतकंच. सांधा घालायचं काम तुमच्या टेबलावर होतं. ते पहिल्या महिन्यापासून सुरू केलं नाही, तर शेवटी हातात तीन अर्धेमुर्धे विषय उरतात.

हे त्रिकूट जमलं कसं

पीपीई, म्हणजे ‘फिलॉसॉफी, पॉलिटिक्स अँड इकॉनॉमिक्स’, या नावाची पदवी ऑक्सफर्डमध्ये १९२० साली सुरू झाली. त्याआधी तिथली मानाची पदवी म्हणजे ‘ग्रेट्स’: ग्रीक आणि लॅटिन भाषा, प्राचीन इतिहास, तत्त्वज्ञान. सार्वजनिक कारभारात उतरणाऱ्या तरुणांना आजच्या जगाबद्दलही तितकंच खोल शिकवावं, या विचारातून नवा अभ्यासक्रम आला आणि त्याला ‘मॉडर्न ग्रेट्स’ म्हटलं जाऊ लागलं. पुढे इतर विद्यापीठांनी तो आपापल्या पद्धतीनं उचलला. येल विद्यापीठात तत्त्वज्ञानाच्या जागी नीतिशास्त्र घेऊन ‘एथिक्स, पॉलिटिक्स अँड इकॉनॉमिक्स’ शिकवतात. अ‍ॅमस्टरडॅममध्ये राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्राच्या जोडीला मानसशास्त्र आणि कायदा आहे.

ऑक्सफर्डची ही पदवी घेतलेल्यांत हॅरॉल्ड विल्सन, एडवर्ड हीथ, डेव्हिड कॅमेरॉन, लिझ ट्रस, ऋषी सुनक हे ब्रिटनचे माजी पंतप्रधान आहेत. बेनझीर भुट्टो, इम्रान खान, म्यानमारच्या आँग सान स्यू की हेही त्यातलेच. ही यादी माहितीपत्रकात अभिमानानं छापतात आणि टीकाकार आरोपपत्रासारखी वाचून दाखवतात. तुम्ही तिच्याकडे दुर्लक्ष केलंत तरी चालेल. ते पंतप्रधान झाले म्हणून अभ्यासक्रम चांगला ठरत नाही, आणि त्यांचा कारभार फसला म्हणून वाईटही ठरत नाही.

खरं तर हे विषय वेगळे झाले तेच अलीकडे. अ‍ॅडम स्मिथला अर्थशास्त्राचा जनक म्हणतात; तो ग्लासगोमध्ये नीतितत्त्वज्ञानाचा प्राध्यापक होता. जॉन स्टुअर्ट मिलनं १८४८ साली अर्थशास्त्राचा ग्रंथ लिहिला, १८५९ साली स्वातंत्र्यावर लिहिलं आणि १८६५ ते १८६८ ब्रिटिश संसदेत खासदार म्हणून बसला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकत होते, आणि त्याच वेळी जॉन ड्युईंच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गातही बसत होते. पदवीच्या कागदावर तिन्ही नावं असण्याची गरज तेव्हा कुणालाच नव्हती.

प्रवेशाआधी: प्रत्येक वर्षाचे पेपर वाचा

माहितीपत्रकातली गुळगुळीत वाक्यं सोडा. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रत्येक वर्षाच्या पेपरांची यादी असते, ती छापून घ्या आणि पेन्सिल घेऊन बसा. तीन गोष्टींखाली रेघ ओढायची.

पहिली, विषय सोडायची मुभा कधी मिळते. ऑक्सफर्डमध्ये पहिल्या वर्षी तिन्ही विषय सक्तीचे, पुढच्या दोन वर्षांत तिन्ही ठेवा किंवा एक सोडून दोन ठेवा, असा पर्याय आहे. इतर ठिकाणी शेवटपर्यंत तिन्ही ओढावे लागतात, किंवा पहिल्या वर्षानंतर एक मुख्य विषय निवडावा लागतो. वरवर एकच नाव असलेल्या दोन पदव्या यामुळे आतून अगदी वेगळ्या निघतात.

दुसरी गोष्ट अर्थशास्त्राच्या पेपरांची. मुख्य अर्थशास्त्राचे विद्यार्थी जे मायक्रो (व्यक्ती, कंपन्या आणि बाजार यांचं अर्थशास्त्र) आणि मॅक्रो (संपूर्ण अर्थव्यवस्थेचं) शिकतात तेच तुम्हाला आहे, की बाकीच्यांसाठी वेगळी सौम्य आवृत्ती ठेवली आहे? अर्थमिती, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक दावे तपासण्याचं शास्त्र, सक्तीची आहे की ऐच्छिक? पुढे अर्थशास्त्रात मास्टर्स करायचा विचार मनात असेल, तर सगळ्यात आधी हेच तपासा. गणित, सांख्यिकी आणि अर्थमितीचे पेपर झालेले नसतील, तर चांगल्या मास्टर्सच्या दारात अडचण येते. तेव्हा पीपीईचं नाव मदतीला येत नाही.

तिसरी, तिन्ही विषय एकत्र आणणारा एखादा पेपर, सेमिनार किंवा प्रबंध आहे का? नसेल तर ती पदवी वाईट असं नाही, पण मग सांधा घालायचं सगळं ओझं तुमच्यावर आहे, हे धरून चाला.

आणि जिथे पीपीई नावाची पदवीच नाही, तिथे? एक विषय मुख्य घ्या, दुसरा दुय्यम, तिसऱ्याचे दोन-तीन ऐच्छिक पेपर निवडा. असं स्वतः जुळवलेलं पीपीई कधी कधी तयार पदवीपेक्षा घट्ट निघतं, कारण प्रत्येक पेपर का घेतला याचं उत्तर तुमच्याकडे असतं.

गणिताची भीती

इथे गोड बोलण्यात अर्थ नाही. राजकारणावर तासन्‌तास बोलणारे हुशार विद्यार्थी या पदवीत अडखळतात ते बहुधा अर्थशास्त्राच्या गणितापाशी. मात्र लागणारं गणित उंच नसतं. विकलन म्हणजे काय ते नीट समजलेलं असावं: एखादी गोष्ट किंचित वाढवली तर दुसरी किती बदलते. अर्थशास्त्रात ज्याला ज्याला ‘सीमांत’ म्हणतात, त्या सगळ्यामागे हेच आहे. सोबत दोन समीकरणं एकत्र सोडवणं, घातांक आणि लॉगरिदम, आलेखाचा चढ वाचणं, सरासरी आणि विचलन. वर्ग सुरू व्हायच्या आधीचे दोन महिने रोज पाऊण तास कागद-पेन्सिल घेऊन बसलात, तर एवढं पुरतं. व्हिडिओ बघून गणित ‘समजल्यासारखं’ वाटतं. हातानं सोडवल्याशिवाय ते येत नाही.

तत्त्वज्ञानातही चिन्हांचं तर्कशास्त्र असतं, आणि पहिल्या वर्षी ते अनेकांना अनपेक्षितपणे समोर येतं. उलट गणिताला घाबरणाऱ्या काहींना तेच आवडून जातं. त्यात आकडे नसतात, फक्त एका विधानातून दुसरं खरंच निघतं का, हे तपासायचं असतं.

तीन विषय, तीन वाचनं

तत्त्वज्ञानाची पंधरा पानं म्हणजे एका दुपारचं काम. पहिल्यांदा सरळ वाचा. दुसऱ्यांदा वाचताना समासात लिहा: निष्कर्ष कोणता, त्यासाठी दिलेली कारणं कोणती, न सांगता धरून चाललेलं गृहीतक कोणतं. तिसऱ्यांदा फक्त तेवढंच वाचा जिथे तुम्हाला पटलं नाही.

राज्यशास्त्राच्या वाचन-याद्या लांबलचक असतात आणि त्या सगळ्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायच्या नसतात. हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. लेखाचा सारांश, प्रस्तावना, तक्ते आणि शेवट पाहा. लेखकाचा दावा काय, कोणत्या देशांवरून, कोणत्या काळावरून केला आहे, आणि कोणता देश त्या दाव्यात बसत नाही, एवढं टिपलं की पुढे चला. यादीतले दोन लेख मात्र मुळापासून वाचायचेच. शिक्षक ज्यांचा उल्लेख वर्गात पुन्हा पुन्हा करतात ते.

अर्थशास्त्राचं पुस्तक वाचायचं नसतं, सोडवायचं असतं. प्रॉब्लेम सेट, म्हणजे सोडवायच्या प्रश्नांचा संच, मिळाला की उत्तरपत्रिका न उघडता निदान एक तास झगडा. उत्तर पाहून ‘हो, हे मला येत होतं’ म्हणणं ही या विषयातली सगळ्यात महागडी सवय आहे, आणि तिचं बिल परीक्षेच्या दिवशीच येतं.

आता एक छोटा प्रयोग करून पाहा. यात तिन्ही विषय एका अर्ध्या पानावर येतात. तिघांच्या समितीला एका कामासाठी निधी द्यायचा आहे: रुग्णालय, शाळा किंवा रस्ता. पहिल्याचा पसंतीक्रम रुग्णालय, शाळा, रस्ता. दुसऱ्याचा शाळा, रस्ता, रुग्णालय. तिसऱ्याचा रस्ता, रुग्णालय, शाळा. दोन-दोन पर्यायांवर मत घ्या. रुग्णालय की शाळा? दोन विरुद्ध एक, रुग्णालय. शाळा की रस्ता? दोन विरुद्ध एक, शाळा. मग रुग्णालय रस्त्यालाही हरवेल असं वाटतं. पण मोजून पाहा: दुसरा आणि तिसरा रस्त्याच्या बाजूनं आहेत, म्हणून रस्ता जिंकतो. बहुमत गोल गोल फिरत राहतं.

फ्रेंच विचारवंत काँदोर्सेनं हे १७८५ साली दाखवलं, आणि १९५१ साली अर्थतज्ज्ञ केनेथ अ‍ॅरोनं त्याहून व्यापक सिद्धता दिली. अर्थशास्त्राच्या वर्गात हे ‘सामाजिक निवड’ म्हणून येतं. राज्यशास्त्रात प्रश्न असतो, मतदानाचा क्रम कोण ठरवतो? आधी रुग्णालय विरुद्ध शाळा घेऊन मग विजेत्याला रस्त्याशी भिडवलं तर रस्ता जिंकतो. आधी शाळा विरुद्ध रस्ता घेतलं तर शेवटी रुग्णालय जिंकतं. म्हणजे अध्यक्षाच्या हातात कार्यक्रमपत्रिका दिली की मत न देताही त्याचं काम होतं. आणि तत्त्वज्ञानाचा प्रश्न असा की ‘लोकांची इच्छा’ असं काही एकसंध असतं तरी का? तीन वेगवेगळ्या महिन्यांत, तीन वेगवेगळ्या वर्गांत हे तुमच्यासमोर येईल आणि ते एकच आहे, असं कुणी सांगेलच असं नाही. वहीत तुम्हीच बाण काढायचा.

शब्दांची वही

ही सवय क्षुल्लक वाटते, पण मला सगळ्यात जास्त उपयोग तिचा झाला. एक वही घ्या, पानावर तीन रकाने आखा आणि जो शब्द एकाहून अधिक विषयांत येतो तो लिहून प्रत्येक रकान्यात त्याचा अर्थ मांडा.

‘युटिलिटी’ म्हणजे उपयुक्तता, हा शब्द घ्या. तत्त्वज्ञ बेंथमच्या उपयुक्ततावादात तिचं नातं सुख आणि दुःखाशी आहे. आजच्या अर्थशास्त्रात ती फक्त पसंतीक्रम दाखवणारी संख्या आहे. तुम्ही चहापेक्षा कॉफी पसंत करता, तर कॉफीला मोठा आकडा, बस्स. त्या आकड्यात आनंद मोजलेला नसतो आणि दोन माणसांचे आकडे एकमेकांत मिळवताही येत नाहीत. हे न कळलेला विद्यार्थी तत्त्वज्ञानाच्या निबंधात ‘अर्थशास्त्र माणसाला सुखलोलुप मानतं’ असं ठोकून देतो आणि गुण गमावतो. ‘रॅशनल’चंही तसंच. अर्थशास्त्रात रॅशनल म्हणजे पसंतींमध्ये सुसंगती असलेला. तत्त्वज्ञानात प्रश्न असतो, त्या पसंतींना काही सबळ कारण आहे का? स्वतःचा नाश व्हावा अशी सुसंगत इच्छा बाळगणारा माणूस पहिल्या अर्थानं रॅशनल ठरतो, दुसऱ्या अर्थानं कदाचित नाही. ‘कार्यक्षम’, ‘सत्ता’, ‘स्वातंत्र्य’, ‘समता’ या शब्दांची पानंही भरतील.

लिहिताना

तत्त्वज्ञानाच्या निबंधासाठी आपल्याकडची पूर्वपक्ष आणि उत्तरपक्षाची जुनी रीत उत्तम चालते. आधी तुमचं प्रतिपादन एका वाक्यात लिहा. मग त्याच्यावरचा सगळ्यात जोरकस आक्षेप असा मांडा की आक्षेप घेणाऱ्यालाही तो आपलाच वाटावा. मग उत्तर. हाताशी आलेला लेचापेचा आक्षेप घेऊन त्याला पाडणं परीक्षकाला लगेच दिसतं. आठ विचारवंतांऐवजी एकाच युक्तिवादाची एकच पायरी घेतलीत तरी निबंध पुरा होतो.

‘समता महत्त्वाची आहे’ असं वाक्य पहिल्या मसुद्यात आलं की थांबा. कशाची समता? उत्पन्नाची, संधीची, मताची की प्रतिष्ठेची? कुणाकुणांत? आणि ती स्वतःच मोलाची आहे, की तिच्यामुळे दुसरं काही चांगलं घडतं म्हणून? दुरुस्त वाक्य असं होईल: ‘संधी समान असल्या तरी उत्पन्नातली मोठी दरी राजकीय समतेला बाधा आणते, म्हणून ती कमी करायला हवी.’ याच्यावर वाद घालता येतो. पहिल्या वाक्यावर नुसती मान डोलावता येते.

राज्यशास्त्रात दाव्याला पुरावा लागतो आणि तुलना लागते. एका देशाची गोष्ट सांगून ‘म्हणून असं होतं’ म्हणायचं नाही. अर्थशास्त्रात गृहीतक, आकृती किंवा समीकरण, निष्कर्ष, आणि गृहीतक बदललं तर काय, या क्रमानं जा आणि थांबा. तिथे शैलीला गुण नसतात.

एकच प्रश्न तिन्ही टेबलांवर

दर सेमिस्टरला एक प्रश्न धरा आणि तो तिन्ही विषयांतून फिरवा. मी एकदा किमान वेतन घेतलं होतं.

अर्थशास्त्राचं पहिलं उत्तर पुस्तकी: बाजारात ठरणाऱ्या दराच्या वर वेतन नेलं की कामगारांची मागणी घटते, काही जण बेकार होतात. पण परिसरात काम देणारा एकच मोठा मालक असेल तर तो वेतन मुळातच दाबून ठेवतो, आणि अशा वेळी किमान वेतन एका मर्यादेपर्यंत रोजगार वाढवूही शकतं. मग कोणतं चित्र खरं? १९९२ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यानं किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियानं केलं नाही. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी दोन्हीकडच्या फास्ट फूड उपाहारगृहांची तुलना केली आणि रोजगार घटल्याचं त्यांना आढळलं नाही. १९९४ साली हे छापून आलं. दुसऱ्या अभ्यासकांनी वेगळी आकडेवारी घेऊन त्याला आव्हान दिलं आणि वाद पुढे बराच काळ चालला. कार्ड यांना २०२१ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

राज्यशास्त्राचा प्रश्न याच्या शेजारीच आहे. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय किमान वेतन १९९९ साली लागू झालं आणि दर सुचवायला स्वतंत्र आयोग नेमला. जर्मनीत ते २०१५ साली आलं. स्वीडनमध्ये तसा कायदाच नाही, वेतन संघटना आणि मालक यांच्या करारांतून ठरतं. कामगार संघटना बळकट असलेल्या देशात त्यांनाच कायदा नको असतो, हे कसं काय? या एका ‘कसं काय’वर चांगला निबंध उभा राहतो.

आणि तत्त्वज्ञान: कामगार स्वखुशीनं कमी पगार मान्य करत असेल तर कुणावर अन्याय होतो का? दोघांचाही फायदा होत असताना शोषण असू शकतं का? शंभरांचा पगार वाढला आणि पाच जणांची नोकरी गेली, तर बेरीज-वजाबाकी करून मोकळं व्हायचं, की त्या पाचांना वेगळं उत्तर देणं लागतं? गरिबाचं उत्पन्न वाढवायची जबाबदारी मालकाचीच का, करांतून सगळ्या समाजाची का नाही?

हे सगळं लिहिल्यावर एक गोष्ट लक्षात येते. न्यू जर्सीची आकडेवारी शेवटच्या प्रश्नांना हात लावत नाही, आणि शेवटच्या प्रश्नांची कितीही सुंदर उत्तरं दिली तरी नोकऱ्या किती जातील हे कळत नाही. कोणता मतभेद आकड्यांचा आहे आणि कोणता मूल्यांचा, हे वेगळं काढता येणं, हीच माझ्या मते या पदवीची खरी कमाई आहे.

आठवडा

अर्थशास्त्र रोज थोडं, कारण ते साचलं की आवरत नाही. तत्त्वज्ञानाला आठवड्यातून दोनदा तीन-तीन तासांची सलग बैठक, फोन दुसऱ्या खोलीत. राज्यशास्त्र मधल्या फटींत बसतं: प्रवासात, दोन तासांच्या मध्ये. रविवारी संध्याकाळी अर्धा तास शब्दांच्या वहीला. तिन्ही सबमिशन एकाच आठवड्यात येतात, कारण तीन विभाग एकमेकांशी बोलत नाहीत. सेमिस्टरच्या पहिल्याच दिवशी तिन्हींच्या तारखा एका कागदावर लिहा आणि जिथे गर्दी दिसेल तिथला एक निबंध दोन आठवडे आधी संपवा.

कोणता विषय सोडायचा

ज्यात गुण कमी पडले तो, असं उत्तर सोपं असतं आणि बऱ्याचदा चुकतं. पहिल्या वर्षीचे अर्थशास्त्राचे कमी गुण गणिताच्या तयारीमुळे असतील तर ती अडचण एका सुट्टीत सुटते. स्वतःला विचारा, कोणत्या विषयाचं पुस्तक तुम्ही परीक्षा नसतानाही उघडता, आणि कोणता विषय नंतर एकट्यानं शिकणं जवळपास अशक्य आहे? माझ्या अनुभवात राज्यशास्त्राचं वाचन पदवीनंतरही चालू ठेवता येतं. अर्थमिती किंवा तर्कशास्त्र शिक्षकाविना, चुका दाखवणाऱ्याविना फार अवघड जातं.

प्रबंधाला वाव असेल तर तो घ्या आणि प्रश्न लहान ठेवा. ‘लोकशाही आणि भांडवलशाही’ हा विषय नव्हे, ते कपाट आहे. ‘कार्बन कर लावताना त्याचा पैसा नागरिकांना सारखा वाटून परत देणं न्याय्य आहे का?’ यात कराचा परिणाम मोजता येतो, तो मंजूर कसा होतो ते पाहता येतं आणि न्यायाचा युक्तिवादही मांडता येतो. मार्गदर्शक दोन विभागांतून मिळत असतील तर पहिल्याच भेटीत दोघांना विचारा की गुण कोणत्या विभागाच्या निकषांवर दिले जाणार. माझ्या एका वर्गमित्रानं हे विचारलं नाही. त्याचा निम्मा प्रबंध सांख्यिकीचा होता आणि तपासणारा तत्त्वज्ञानाचा निघाला.

नोकरीचा किंवा मास्टर्सचा अर्ज करताना ‘पीपीई’ एवढंच लिहून थांबू नका. वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही: तुम्ही अर्थमिती केली आहे की फक्त राजकीय विचारांचा इतिहास, हे त्याला कुठून समजणार? खाली दोन ओळींत पेपरांची नावं द्या, त्यात गणिती पेपर आधी. प्रबंधाचा प्रश्नही एका वाक्यात लिहा, मुलाखतीत पहिल्यांदा त्याबद्दलच विचारतील.